पांढरीचे स्थापत्य : गोठा, खळे आणि बळद

(आपल्या मंडळाच्या रनाळे येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी घरी येऊन “यंदा आपण चार शब्द बोलावेत” अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे, म्हणजे मॅट्रिकपर्यंतचे. आणि सारी हयात प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर गेलेली. अशा माणसाने जाणत्यांच्या सभेत काय सांगावे? परंतु चिटणीसांनी विषयाची मोकळीक दिली, आणि मनात फार दिवस सलत असलेली एक गोष्ट आपल्यापुढे ठेवण्याची संधी दवडू नये असे आम्हांस वाटले.

आमचा विषय आहे शेतकऱ्याच्या जुन्या इमारती : दगडी गोठा, खळे आणि धान्याची कोठारे. देवळांचे स्थापत्य असते, किल्ल्यांचे असते, राजवाड्यांचे असते. गोठ्याचेही स्थापत्य असते असे म्हणताच समोरची तरुण मंडळी हसू लागली आहेत. त्यांनी खुशाल हसावे. त्यांच्या वयात आम्हीही हसलो असतो.

प्रथम आमचा स्वतःचा अपराध सांगतो. येथे रनाळ्यास आमच्या वडिलार्जित घरामागे, खळवाडीच्या बाजूस, एक दगडी गोठा होता. तो किती जुना हे कोणास ठाऊक नव्हते. आगगाडी येण्यापूर्वीचा, एवढेच आमचे आजोबा सांगत. आपली ही ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास झाली, तेव्हा त्यापूर्वीचा म्हणावयाचा. २००४ साली आम्ही तो पाडला. कारणे सबळ होती. बैलांची शेवटची जोडी विकली गेली होती. धाब्यावर दरसाल माती टाकावयास माणूस मिळेना. पश्चिमेच्या भिंतीला पोट आले होते. दगड ट्रॉलीच्या भावाने गेले, सागवानी खांब एका व्यापाऱ्याने उचलले, आणि आठ दिवसांत जागा मोकळी होऊन तेथे पत्र्याची शेड उभी राहिली. आम्हांस त्यावेळी यत्किंचितही वाईट वाटले नाही.

पुढे काही वर्षांनी आमच्या नातवाने सहज विचारले, “आजोबा, तो गोठा केवढा होता हो?” आम्ही निरुत्तर झालो. १९७७ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे, आम्ही मुलांना लांबी गुणिले रुंदी शिकविली. “एका गोठ्याची लांबी अमुक हात आहे, तर क्षेत्रफळ किती?” अशी उदाहरणे शेकड्यांनी फळ्यावर घातली. परंतु स्वतःच्या गोठ्याला आम्ही एकदाही टेप लावली नाही. त्याचे छायाचित्र म्हणावे तर एका लग्नातील आहे, आणि त्यात वऱ्हाडी मंडळींच्या मागे दाराची चौकट दिसते, तीही अर्धी. त्या दिवसापासून आम्ही जुन्या माणसांस विचारीत, वाचीत आणि पाहत हिंडलो. त्यातून जे हाती आले ते आज सांगतो.

आपल्या पूर्वजांची भाषाच पाहा. गाव ती पांढरी आणि शेत ती काळी. हा केवळ मातीच्या रंगाचा भेद नव्हे, बांधकामाचा पहिला नियम त्यात आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर उभी केलेली भिंत दोन-चार वर्षांत तडकते. म्हणून वस्ती उंचवट्यावर, मुरूम लवकर लागेल अशा जागी केली, आणि पीक देणारी काळी पिकासाठी राखली. वस्तीची माती पांढरी होते ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलीची राख, शेण आणि पडलेल्या घरांची माती साठून. म्हणूनच पांढऱ्या मातीचे टेकाड दिसले की पुराणवस्तुशास्त्रज्ञ थांबतात.

आपल्याच जिल्ह्यातील प्रकाशे घ्या. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील हे क्षेत्र आपण यात्रेनिमित्त जाणतो. तेथील टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व खात्याच्या श्री. बा. कृ. थापर यांनी १९५५ साली केले, आणि साडेतीन हजार वर्षांहूनही पूर्वी तेथे माणसे नांदत होती असे दिसून आले. तशीच एक वसाहत पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे निघाली. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. त्यात पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. ते गावप्रमुखाचे असावे असे विद्वानांचे मत आहे. त्या घराला लागून काय होते? धान्याचे कोठार! जमिनीत खणलेली पेवे, आणि कणगी ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे. ज्या गोष्टी आमच्या आजीच्या घरी होत्या, त्याच तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावात होत्या. राज्ये आली आणि गेली, परंतु शेतकऱ्याच्या घराची ही रचना बदलण्याचे कारण कोणास सापडले नाही.

आता भिंतीकडे वळू. नंदुरबारहून दोंडाईचे किंवा साक्रीकडे जाताना काळ्या दगडाच्या लांबच लांब, अरुंद आणि सरळ रेषेत धावणाऱ्या टेकड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांस डाइक म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थर पसरले, त्या काळात जमिनीच्या भेगांतून वर आलेला रस भेगांतच थिजला. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि ह्या कठीण भिंती उघड्या पडल्या. त्यांचा दगड थंड होताना आपोआप चिरला गेलेला असल्यामुळे सांध्यांवर पहार घातली की बऱ्यापैकी सपाट बाजूंचा धोंडा निघतो. घडणावळ कमी पडते. जवळ जो दगड मिळतो त्याचाच स्वभाव ओळखून बांधावे, ही जुन्या कारागिराची पहिली अक्कल.

भिंत दोन-अडीच हात जाड असे. वस्तुतः ती एक भिंत नसून दोन भिंती होत : बाहेरची आणि आतली, आणि मध्ये बारीक दगड व चिखल यांची भर. कोपऱ्याचे दगड तेवढे मोठे व घडीव. एका थरात ते लांबीने तर पुढच्या थरात रुंदीने बसवीत, म्हणजे दोन भिंती एकमेकींत गुंतत. चुना महाग, म्हणून बांधकाम चिखलात करून बाहेरून फक्त दर्जा चुन्याने भरीत. दोन्ही बाजूंस जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठिकठिकाणी घालावयाचा असे. चांगला कारागीर तो घाली, घाईचा गाळी. आमच्या गोठ्याच्या पश्चिमेच्या भिंतीला पोट का आले ते आम्हांस आता कळते. ती पाडली तेव्हा आत एकही आरपार दगड निघाला नव्हता. शेजारच्या भिंतीत मात्र ते होते. बहुधा मागाहून दुरुस्त केलेली भिंत असावी.

ह्या जाडीचा उपयोग केवळ भार पेलण्याकडे नव्हता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर चढतो. एवढी जाड दगडी भिंत बाहेरून तापू लागली तरी ती उष्णता आत पोचावयास संध्याकाळ होते, आणि तोवर दार उघडून जनावरे बाहेर काढलेली असत. भर दुपारी गोठ्यात शिरले की डोळ्यांना अंधारी येई आणि अंगाला गारवा लागे. पत्र्याच्या शेडमध्ये त्याच वेळी म्हैस जीभ बाहेर काढून उभी असते, हे आम्ही दररोज पाहतो.

छपराचीही हीच गोष्ट. नवापूरकडे पाऊस भरपूर, म्हणून तिकडे उतरते कौलारू छप्पर. आपल्या पूर्वेकडील पट्ट्यात पाऊस बेताचा आणि ऊन फार, म्हणून धाबे. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचे, त्यांवर निंबाचा पाला किंवा गवत, मग चिखलाचा थर, आणि सर्वांत वर पांढरीची माती चोपून बसविलेली. पाणी वाहून जाण्यासाठी किंचित उतार आणि भिंतीबाहेर काढलेली पन्हळ. मध्यभागी उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेले भोक, त्यास साने म्हणत. पावसात त्यावर झाकण पडे. धाबे म्हणजे छप्पर तर होतेच, परंतु ते घराचे वरचे अंगणही होते. मिरची तेथे वाळे, कुरडया-पापड तेथे वाळत, आणि वैशाखाच्या रात्री सारे घर तेथे झोपे. रेल्वे आल्यावर मंगळूरी कौले व पत्रे स्वस्त झाले, तेव्हापासून धाब्याचे दिवस फिरले.

परंतु श्रोतेहो, जुने ते सर्वच सोने असे सांगावयास आम्ही उभे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच घरांखाली गाडली गेली. ती घरे कशी होती? चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती, दोन थरांना जोडणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीचे जड माळवद. त्या मातीवर दरसाल नवी माती पडत गेलेली, जुनी कोणी उतरविलेली नाही. धक्क्यासरशी भिंतीचे दोन्ही थर अलग झाले आणि माळवद खाली आले. आपला तापीकाठही निर्धास्त नाही. १९३८ साली सातपुड्यात मोठा धक्का बसला होता. म्हणून जुनी इमारत जपावयाची तर तिचे दोषही जाणून जपली पाहिजे. आरपार दगड घालणे, भिंतीच्या माथ्यावर चोहोबाजूंनी बंधन देणे आणि छपरावरील वाढीव माती उतरविणे, ह्या तीन गोष्टी जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्याने करता येतात. डोळे झाकून पाडणे आणि डोळे झाकून पूजा करणे, दोन्ही आळसाचेच प्रकार होत.

आता इमारतीच्या पोटात शिरू. गोठ्याची जमीन मुरमाची, मागच्या बाजूस उतरती. मूत्र नालीतून उकिरड्याकडे जाई, म्हणजे खत वाया जात नसे आणि खूर कोरडे राहत. समोर गव्हाण, तिला लागून दावण, दाराशी दगडी डोण. खळे मात्र उघड्यावर, गावाच्या कडेला, वारा अडणार नाही अशा जागी. जमीन भिजवून, बैलांच्या पायांनी तुडवून, शेणाने सारवून ते तयार होई. मध्यभागी तिवडा रोवीत, त्याभोवती तोंडाला मुसकी बांधलेले बैल पात धरून फिरत. साऱ्या गावाची खळी एका जागी, म्हणून ती खळवाडी. आणि ती वस्तीपासून वेगळी, कारण कडब्याच्या एका गंजीला ठिणगी लागली तर गाव जाऊ नये. मळणीयंत्र आले आणि हे सारे काम एका दिवसाचे झाले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्या बैलांमागे उन्हात फिरलेल्यांस विचारा, यंत्राचे मोल तेच सांगतील.

रास घरी आली की प्रश्न उभा राही : वर्षभर राखावयाची कशी? आपल्या पूर्वजांनी त्याची तीन उत्तरे शोधली होती. पहिले कणगी. तुराट्यांची किंवा बांबूची विणून, आतबाहेर शेणमातीने लिंपून, दगडांवर उचलून ठेवलेली. खालून ओल चढू नये आणि उंदराने पोखरले तर लगेच दिसावे. दुसरे बळद. घरातच भिंतीला धरून बांधलेले मातीचे कोठार, वर भरावयाचे तोंड आणि खाली लहानसे भोक. वरून नवे धान्य पडे, खालून जुने आधी निघे. कोणते धान्य आधी संपवावे याचा हिशेब ठेवण्याची गरजच नाही; इमारतच तो हिशेब ठेवी. तिसरे पेव. घट्ट मुरमात सुरईसारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठे. आतून कडबा व भुसा लावून ज्वारी भरीत, आणि तोंडावर शिळा ठेवून चिखलाने लिंपून टाकीत.

पेवात धान्य का टिके? दाणाही जीव आहे, तो श्वास घेतो. बंद पेवातील प्राणवायू संपतो, कर्बवायू साठतो आणि किडे गुदमरून मरतात. ह्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूसही मरत असे. जाणती माणसे पेव उघडून ते बराच वेळ तसेच ठेवीत, मग आत दिवा सोडीत. दिवा विझला तर उतरू नये, हा कडक नियम. आज कशाचे ‘पेव फुटले’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, परंतु तो शब्द ह्या खड्ड्याचा आहे हे आपल्या मुलांस ठाऊक नाही.

दाणा भरण्यापूर्वी आमची आजी तो दातांखाली धरी. कट्ट आवाज आला तर भरावयाचा, दबला तर आणखी एक ऊन द्यावयाचे. कृषिशास्त्रज्ञ सांगतात की साठवणीच्या धान्यात ओलावा शेकडा १० ते १२ च्या वर नसावा. आजीच्या दातांना शेकडेवारी ठाऊक नव्हती, परंतु उत्तर बरोबर येई. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने पुढे ‘पुसा बिन’ नावाची धान्यकोठी तयार केली. ती कशी? कच्च्या विटांच्या दोन भिंती आणि त्यांच्या मध्ये ओल अडविणारा पॉलिथिनचा कागद. म्हणजे आपले बळदच, फक्त त्याच्या अंगातील एक उणीव शास्त्राने भरून काढलेली. जुन्याकडे कसे पाहावे याचा हा उत्तम नमुना होय.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही पंधरा वर्षांचे होतो. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती आणि परदेशातून आलेला मिलो रेशनवर मिळत होता. आमच्या बळदात मागल्या सुगीची ज्वारी होती. आजी रोज सकाळी खालचे भोक उघडी, पायलीने मोजून घेई आणि पुन्हा बोळा लावी. घरची पोळी तिने अर्धी केली, परंतु दाराशी आलेल्यास ओंजळभर दिल्यावाचून परत धाडले नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेस खुली केली, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. आमच्या आजीजवळ बादशाही कोठार नव्हते, एक मातीचे बळद होते. तथापि हेही सांगितले पाहिजे की त्याच गावात अशी पुष्कळ घरे होती, ज्यांत बळदच नव्हते. साठवावयास काही उरतच नसे. दाराशी येणारी माणसे त्याच घरांतून येत.

ह्या साध्या बळदाचे एक थोरले भावंड पन्हाळगडावर उभे आहे. तेथील अंबारखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन दगडी कोठ्या आहेत. त्यांतील गंगाकोठी सर्वांत मोठी. तिच्यात २५,००० खंडी धान्य मावे असे सांगतात. जाड भिंती, वर दगडी कमानींचे छत, बाहेरून माथ्यावर चढावयास पायऱ्या, आणि प्रत्येक खणाच्या छतास धान्य ओतण्यासाठी ठेवलेले भोक. आमच्या आजीच्या बळदाचीच कल्पना, फक्त मातीच्या जागी पाषाण. १६६० साली सिद्दी जौहरने मार्चपासून जुलैपर्यंत पन्हाळ्यास वेढा दिला, तेव्हा महाराजांस गडावर राहता आले ते तटबंदीच्या बळावर, तसेच गडावरील शिबंदीच्या बळावर. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत पन्हाळा आहे. आपणा सर्वांस त्याचा अभिमान वाटला.

किल्ला जपतात हे आपल्यास समजते. परंतु इंग्लंडात ग्रेट कॉक्सवेल नावाच्या खेड्यात एक दगडी कोठार आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मठवासी साधूंनी आपल्या शेतीचे धान्य ठेवण्यासाठी ते बांधले. लांबी सुमारे १५० फूट, दगडी भिंती आणि आत प्रचंड लाकडी खांबांवर तोललेले छप्पर. विल्यम मॉरिस नावाचे थोर कारागीर-लेखक त्या परिसरात राहत. ते ह्या कोठाराची योग्यता मोठमोठ्या देवालयांच्या बरोबरीची मानीत. आज नॅशनल ट्रस्ट ही संस्था ते सांभाळते आणि लोक ते पाहावयास लांबून येतात. तेथे लढाई झाली नाही की राजा राहिला नाही. शेतकऱ्याचे धान्य तेथे राहिले, एवढ्यासाठी ते जपले गेले. हे वाचून आम्ही आमच्या पत्र्याच्या शेडकडे पाहिले आणि मान खाली घातली.

आता एक गोष्ट बोलतो. ज्ञातिबांधवांपुढेच बोलली पाहिजे म्हणून बोलतो. आपण ‘आमचा गोठा’, ‘आमच्या पूर्वजांचे कोठार’ असे म्हणतो. जमीन आपली होती, पैका आपला होता, हे खरे. परंतु दगड फोडला वडारांनी, तुळया रचल्या सुतारांनी, पहारीला धार दिली लोहारांनी. कै. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांवगाडा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात गावातील बलुतेदारांच्या ज्या हक्कांचे वर्णन आहे, ते खळ्यावरच पदरात पडत. आणि गोठ्यात रात्री कोण निजत असे? आखाजीपासून आखाजीपर्यंत साल धरलेला सालदार. आपण त्या इमारतीचे मालक होतो, रहिवासी मात्र तो होता.

याचा प्रत्यय आम्हांस विलक्षण रीतीने आला. नातवाच्या प्रश्नाने अस्वस्थ होऊन आम्ही एके दिवशी टेप घेऊन त्या शेडपाशी गेलो. पाया गाडला गेलेला. जुन्या खांबाचा एक तळखडा तेवढा उरला, त्यावर घरातील कपडे धुतले जातात. आमच्याकडे वीस वर्षे साल केलेले भिल्ल समाजातील एक वृद्ध गृहस्थ योगायोगाने तेथे आले. आम्ही त्यांस लहानपणापासून काका म्हणतो. आमची खटपट पाहून ते म्हणाले, “भाऊ, नसलेली भिंत काय मोजता? ढोरे मोजा.”

आम्ही विचारले, “ती कशी, काका?”

“आठ ढोरे एका दावणीला होती. एकेका ढोराला तीन हात जागा. या टोकाला माझी खाट, त्या टोकाला भुशाची पोती; दोन्हीकडे दोन-दोन हात. करा हिशेब.”

आठ त्रिक चोवीस आणि चार, अठ्ठावीस हात. हाताचा दीड फूट धरल्यास ४२ फूट. फळ्यावर ३८ वर्षे उदाहरणे घालणाऱ्या मास्तराचे उदाहरण, शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने उभ्या उभ्या सोडवून दिले. मग त्यांनी दार कोठे होते, साने कोठे होते, डोण कोणत्या कोपऱ्यात होती, हे सारे काठीने जमिनीवर रेखून दाखविले. आम्ही ते आलेखाच्या कागदावर उतरविले आणि कागदाच्या कोपऱ्यात, नातवाच्या हातून, काकांचे नाव लिहविले. आमच्या घरात त्या गोठ्याचा जो एकमेव नकाशा आहे, तो त्यांचा आहे.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली ही की, आपल्या समाजाच्या घरांत जेथे जेथे जुना गोठा, बळद, पेव किंवा खळ्याची जागा उरली असेल, तेथे घरच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत टेप लावावी. लांबी, रुंदी, उंची, भिंतीची जाडी, दाराची दिशा, वापरलेला दगड आणि लाकूड, हे सारे आलेखाच्या कागदावर घ्यावे. ती इमारत कोणी बांधली आणि तीत कोण राबले, हे वृद्धांस विचारून लिहावे. ते आपल्या ज्ञातीचे असोत वा नसोत. मंडळाने ह्या कागदांची एक वही ठेवावी आणि ह्या स्मरणिकेत दरवर्षी त्यांतील चार पाने छापावीत. दुसरी विनंती अशी की, ज्यांस इमारत पाडावयाची आहे त्यांनी एक पावसाळा थांबावे आणि ती दुरुस्त करून मिरची, कांदा किंवा अवजारे ठेवण्यास उपयोगी पडते काय, ते जाणत्या माणसास दाखवून पाहावे. पडत नसेल तर सुखाने पाडावी, परंतु मापे घेऊन. तिसरी विनंती भगिनींस. कणगी कशी लिंपावी, दाणा कसा पारखावा, राख आणि निंबाचा पाला किती घालावा, हे ज्यांस ठाऊक आहे त्या आपल्या घरातील आजींजवळ बसून लिहून घ्यावे. हे शास्त्र पुस्तकात थोडे आणि त्यांच्या हातांत पुष्कळ आहे, आणि ते हात आता थकले आहेत.

पेवे पुन्हा खणावीत किंवा बैलांनी पुन्हा मळणी करावी, असे आमचे म्हणणे नाही. १९५७ पासून राज्याचे वखार महामंडळ आहे, बाजार समित्या आहेत, रेशनचे दुकान आहे. कोणाचे पोट आता एका बळदावर अवलंबून नाही, आणि ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु उद्या आपल्या नातवंडांनी “केवढा होता हो?” असे विचारले, तर आमच्याप्रमाणे आपणांवर मान खाली घालण्याची पाळी येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

फार वेळ घेतला. मास्तरांना घंटा झाल्याचे भान राहत नाही, हा जुना दोष आहे. त्याची क्षमा असावी.